विश्लेषण : जुन्या कराटे गेमचा 'टास' म्हणजे काय? यंत्राच्या मदतीने केलेला विक्रम फसवणूक ठरतो का?

उन्हाळ्याची सुटी, टीव्हीला जोडलेला व्हिडिओ गेम, चालत नसलेल्या कॅसेटला मारलेली फुंकर आणि 'आता माझा डाव' म्हणून झालेली भांडणे. नव्वदच्या दशकात ठाकुर्ली-डोंबिवलीच्या चाळींत आणि रेल्वे वसाहतींत वाढलेल्या पिढीला हे वेगळे सांगायला नको. त्या कॅसेटमध्ये मारिओ आणि 'काँट्रा'इतकेच हक्काचे स्थान होते ते मारामारीच्या गेमना. त्यात कुंग फू असो वा आणखी काही, मुलांच्या लेखी तो 'कराटेचा गेम' असे.

आता त्याच गेमचे व्हिडिओ मोबाइलवर समोर येतात. पडद्यावरचा कराटेपटू एकही फटका खात नाही. समोरचा हात उचलण्याआधीच आडवा होतो. लहानपणी अख्खी दुपार खाणारा गेम काही मिनिटांत संपतो. शीर्षकात कुठेतरी 'टास' असा शब्द असतो आणि खाली एक प्रतिक्रिया हमखास असते : 'हे कोणी हाताने खेळलेलेच नाही, ही शुद्ध चीटिंग आहे.' यातला पहिला भाग बऱ्याच अंशी खरा आहे. दुसरा मात्र चुकीचा आहे. तो का चुकीचा, हे समजून घेतले तर विक्रम आणि फसवणूक यांतली सीमारेषा कुठे असते, तेही कळते.

'टास' म्हणजे नेमके काय?

गेम सुरुवातीपासून शेवटपर्यंत कमीत कमी वेळात पूर्ण करणे म्हणजे स्पीडरन. हाच प्रयत्न संगणकावरील साधनांच्या मदतीने केला की तो 'टूल-असिस्टेड स्पीडरन' होतो. त्याचे लघुरूप 'टास'.

यासाठी एम्युलेटर वापरतात. जुन्या गेम यंत्राची हुबेहूब नक्कल करणारे हे सॉफ्टवेअर. 'एफसीईयूएक्स' आणि 'बिझहॉक' ही त्यातली परिचित नावे. एम्युलेटरमध्ये गेम हवा तिथे थांबवता येतो, एकेक फ्रेम पुढे सरकवता येतो, एखाद्या क्षणाची स्थिती जपून ठेवता येते आणि चाल फसली तर तिथे परत जाता येते. असे शेकडो, कधी हजारो वेळा करून मिळालेल्या सर्वोत्तम चाली एकापाठोपाठ एक जोडल्या जातात.

हाती येते ती एक छोटी फाइल. त्यात गेमही नसतो आणि व्हिडिओही. कोणत्या फ्रेमला कोणते बटण दाबले होते, एवढीच नोंद असते. ती फाइल एम्युलेटरला दिली की गेम पहिल्या सेकंदापासून नेहमीच्या वेगाने पुन्हा खेळला जातो.

टासमध्ये गेमच्या मूळ प्रोग्रामला हात लावायचा नसतो, हा यातला महत्त्वाचा नियम. नायकाची ताकद वाढवणे, शत्रू गायब करणे, 'अमर' होण्याचे कोड टाकणे यांपैकी काहीही चालत नाही. एरवी कंट्रोलरवरून जे करता येते, तेवढेच करायचे. फक्त प्रत्येक बटण कधी दाबायचे यावर हवा तितका विचार करायला मोकळीक असते.

एका सेकंदात किती निर्णय?

आपल्याकडे 'समुराई'सारख्या नावांनी विकले गेलेले टीव्ही गेम हे निन्टेन्डोच्या १९८३ मधील 'फॅमिकॉम' यंत्राच्या घराण्यातले. त्यातले बरेचसे विनापरवाना नकलाच होत्या. मूळ यंत्राची कामाची मेमरी अवघी २ किलोबाइट. व्हॉट्सॲपवर सकाळी येणारा 'शुभ सकाळ'चा फोटोही याच्या कितीतरी पट मोठा असतो.

हे यंत्र जपानी आणि अमेरिकी टीव्हीवर सेकंदाला सुमारे ६० फ्रेम दाखवे. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या टीव्हीवर हा वेग ५० होता. प्रत्येक फ्रेमला यंत्र कंट्रोलरला एकच गोष्ट विचारते : आठपैकी कोणती बटणे दाबलेली आहेत?

आठ बटणे म्हणजे २५६ शक्यता. दोन फ्रेमसाठी त्या ६५,५३६ होतात. फक्त दहा फ्रेमचा, म्हणजे सेकंदाच्या सहाव्या भागाचा विचार केला, तर शक्यतांचा आकडा १ वर २४ शून्ये यापेक्षाही मोठा होतो. त्यामुळे 'संगणकाला सांगितले आणि त्याने गेम संपवला' हा समज फारसा बरोबर नाही. सगळ्या शक्यता तपासणे संगणकालाही जमणारे नाही. कुठे शोधायचे आणि काय सोडून द्यायचे, हे माणसालाच ठरवावे लागते.

कराटे गेममध्ये काय करावे लागते?

उदाहरणासाठी 'कराटेका' हा गेम घेऊ. जॉर्डन मेकनर यांनी येल विद्यापीठात शिकत असताना तो ॲपल-२ संगणकासाठी लिहिला आणि १९८४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. पुढे १९८९ मध्ये 'प्रिन्स ऑफ पर्शिया' करणारे ते हेच मेकनर. 'कराटेका'तील हालचाली खऱ्या वाटाव्यात म्हणून त्यांनी एका कराटे प्रशिक्षकाचे सुपर-८ कॅमेऱ्यावर चित्रण केले आणि त्यावरून एकेक चित्र गिरवले. संगीत त्यांच्या वडिलांनी दिले. १९८५ मध्ये हा गेम फॅमिकॉमवरही आला.

गोष्ट सोपी आहे. अकुमा नावाच्या खलनायकाने मारिकोला किल्ल्यात कोंडले आहे. वाटेतल्या पहारेकऱ्यांना हरवत नायकाने तिच्यापर्यंत पोहोचायचे. मूळ गेममध्ये नायक दोन प्रकारे पुढे जातो : धावत किंवा लढण्याच्या पवित्र्यात. धावले की वेळ वाचतो, पण धावताना फटका बसला तर एका फटक्यात खेळ खलास. पवित्र्यात फटके सोसता येतात, पण पावले संथ पडतात.

टास करणाऱ्याचे पहिले काम इथेच सुरू होते. पहारेकरी किती अंतरावर असताना धावणे थांबवायचे? एक फ्रेम उशीर झाला तर मरण, एक फ्रेम आधी थांबले तर वेळ वाया. मग ठोसा की लाथ? ठोसा झटपट बसतो, पण जवळ जावे लागते. लाथ लांबून पोहोचते, पण तिला वेळ लागतो. शिवाय दोन्ही वर, मध्ये आणि खाली मारता येतात. फटके थांबले की समोरच्याची गेलेली ताकद हळूहळू भरून येते. त्यामुळे मागे हटून संधी शोधण्याची चैन परवडत नाही.

शेवटी तर गंमतच आहे. अकुमाला हरवून नायक लढण्याच्या पवित्र्यातच मारिकोजवळ गेला, तर ती त्याला शत्रू समजून लाथ मारते आणि तिथेच शेवट होतो. म्हणजे शेवटच्या दालनात पवित्रा कधी सोडायचा, याचाही हिशेब ठेवावा लागतो. हाताने खेळणाऱ्याला ही चूक एकदा अद्दल घडवते. टास करणाऱ्याला त्यातून प्रश्न मिळतो : पवित्रा बदलण्यात जाणाऱ्या फ्रेम कुठे कमीत कमी महाग पडतील?

नशीब वळवता येते?

'समोरचा पहारेकरी कसा वागेल हे तर नशिबावर असते ना?' अशी शंका येते. प्रत्यक्षात जुन्या गेममध्ये खरे नशीब जवळपास नसतेच. यंत्र एका ठरलेल्या गणिताने 'यादृच्छिक' वाटणारे आकडे तयार करते. हे गणित बऱ्याचदा किती फ्रेम उलटल्या, कोणती बटणे दाबली गेली अशा गोष्टींवर अवलंबून असते. म्हणूनच एक फ्रेम थांबून लाथ मारली की तोच शत्रू अडवण्याऐवजी पुढे येतो आणि आयता फटका खातो. टासच्या भाषेत याला 'लक मॅनिप्युलेशन' म्हणतात.

यासाठी गेमच्या मेमरीत डोकवावे लागते. शत्रूची ताकद कोणत्या पत्त्यावर साठवली आहे, अंतर कुठे, यादृच्छिक आकडा कुठे, हे शोधून काढायचे. मग लुआ या भाषेत छोटी स्क्रिप्ट लिहून हजारो पर्याय आपोआप चाचपायचे.

कधी कधी घाई करूनही काही मिळत नाही. 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये टप्पा संपला की पुढचा टप्पा सुरू करायचा का, हे यंत्र दर २१ फ्रेमनी एकदाच तपासते. ठाकुर्लीकरांना हे चटकन कळेल. इथे जलद लोकल थांबत नाही. धीम्या लोकलसाठी जिना धावत उतरून फलाटावर दोन मिनिटे आधी पोहोचले, तरी गाडी तिच्या वेळेलाच येणार. धावपळीचा फायदा तेव्हाच, जेव्हा त्यामुळे आधीची लोकल मिळते. वाचवलेली कोणती फ्रेम खरोखर उपयोगाची आणि कोणती फुकटची, हे ओळखणे हा टासमधला मोठा अभ्यास आहे.

मग ही फसवणूक का नाही?

याचे उत्तर कराटेच्याच वर्गात आहे. कराटेत 'कुमिते' म्हणजे प्रतिस्पर्ध्याशी प्रत्यक्ष लढत आणि 'काता' म्हणजे ठरलेल्या हालचालींचे एकट्याने केलेले सादरीकरण. टोकियो ऑलिम्पिकमध्ये या दोन्हींची पदके वेगवेगळी होती. काता करणाऱ्याला 'समोर कोणी नव्हते, म्हणजे तू फसवलेस' असे कोणी म्हणत नाही. कारण आपण काय पाहत आहोत, हे सगळ्यांना आधीच माहीत असते.

हाताने केलेला स्पीडरन ही कुमिते आहे. त्यात दडपण आहे, घामेजलेले तळवे आहेत, एका चुकीने वाया गेलेला तास आहे. टास हा काता आहे. त्यात नियमांच्या चौकटीत हा गेम जास्तीत जास्त किती अचूक खेळता येईल, ते दाखवले जाते. दोघांची तुलना एकाच तक्त्यात केली, तर ती कुमितेवर अन्याय करणारी ठरेल. म्हणून ती तशी केली जात नाही.

गडबड होते ती पाटी गळून पडली की. २००३ मध्ये मोरिमोतो या टोपणनावाच्या जपानी खेळाडूचा 'सुपर मारिओ ब्रदर्स ३' अवघ्या ११ मिनिटांत संपवणारा व्हिडिओ जगभर फिरला. तो टास आहे, हे फिरणाऱ्या प्रतींवर स्पष्ट लिहिलेले नव्हते. लोकांनी तो माणसाचा खेळ समजून डोक्यावर घेतला आणि खरे कळल्यावर फसवले गेल्याचा राग धरला. तो राग रास्त होता. पण त्याचे कारण साधनांचा वापर हे नव्हते. माहिती सोबत आली नाही, हे होते.

या क्षेत्राने त्यातून धडा घेतला. टासची सुरुवात १९९९ च्या सुमारास 'डूम' गेमच्या खेळाडूंनी केली होती. डिसेंबर २००३ मध्ये फिनलंडचे प्रोग्रामर जोएल इलिलुओमा यांनी अशा प्रयत्नांचे संकलन सुरू केले, जे पुढे 'टासव्हिडिओज' म्हणून ओळखले गेले. तिथे व्हिडिओ पुरेसा नसतो. बटणांची फाइल द्यावी लागते, कोणता एम्युलेटर आणि गेमची कोणती आवृत्ती वापरली ते सांगावे लागते. कोणीही ती फाइल चालवून निकाल तपासू शकतो. एक फ्रेम जरी इकडची तिकडे झाली, तरी सगळा डोलारा कोसळतो आणि नायक हवेत लाथा मारत राहतो. लपवाछपवीला इथे फार कमी जागा उरते.

टासने पकडलेले खोटे विक्रम

फसवणुकीचा आरोप झेलणाऱ्या या पद्धतीनेच काही नामांकित विक्रम तपासून काढले आहेत.

अटारीवरील 'ड्रॅगस्टर' या १९८० च्या शर्यतीच्या गेममध्ये टॉड रॉजर्स यांच्या नावे ५.५१ सेकंदांचा विक्रम अनेक वर्षे होता. एरिक कोझिएल यांनी गेमचा प्रोग्राम उलगडून सगळे गणित मांडले, तेव्हा ५.५७ सेकंदांच्या खाली जाणे शक्यच नाही, असा निष्कर्ष निघाला. जानेवारी २०१८ मध्ये 'ट्विन गॅलेक्सीज' या विक्रम नोंदवणाऱ्या संस्थेने तो विक्रम काढून टाकला.

दुसरे उदाहरण अलीकडचे. 'डायब्लो' या गेममधील २००९ चा ३ मिनिटे १२ सेकंदांचा विक्रम कोणालाच मोडता येत नव्हता. काही जणांनी त्याचा टास करायला घेतला. साधने वापरूनही त्या व्हिडिओत दिसणारे नकाशे एकाच खेळात मिळेनात. गेम तयार करू शकेल असे सुमारे २.२ अब्ज नकाशे तपासल्यावर तो व्हिडिओ एका सलग खेळाचा नसून वेगवेगळे तुकडे जोडून केलेला असावा, असा निष्कर्ष त्यांनी काढला. २०२५ च्या सुरुवातीला हे प्रकरण गाजले आणि तो विक्रम यादीतून हटवण्यात आला.

दोन्ही प्रकरणांतून एकच गोष्ट दिसते. कमाल मर्यादा कुठे आहे हे कोणीतरी चोखपणे मोजून ठेवले असेल, तरच त्या मर्यादेपलीकडचा दावा खोटा ठरवता येतो. टासचा समाजाला होणारा हा सर्वांत ठोस उपयोग आहे. त्यामुळे हाताने खेळणाऱ्या प्रामाणिक खेळाडूचे टासमुळे नुकसान होत नाही, उलट संरक्षणच होते.

ठाकुर्लीतल्या विद्यार्थ्याला याचा उपयोग काय?

'गेम' हा शब्द घरात उच्चारला की आधी काळजीच वाटते. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या गेमनी अनेक घरांचे नुकसान केले आणि २०२५ मध्ये केंद्राला त्यांवर बंदी आणणारा कायदा करावा लागला. टासमध्ये पैज नाही, बक्षीस नाही, समोर अनोळखी खेळाडूही नाही. ई-स्पोर्ट्सला लागणारे महागडे ग्राफिक कार्ड, वेगवान इंटरनेट यांचीही गरज नाही. २ किलोबाइट मेमरीच्या यंत्राची नक्कल करायला सेकंडहँड लॅपटॉपही पुरतो.

त्यातून शिकायला मिळते ते मात्र अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमातलेच आहे. बायनरी आणि हेक्साडेसिमल आकडे, मेमरीचे पत्ते, शोधाचे अल्गोरिदम, स्क्रिप्ट लिहिणे आणि प्रत्येक प्रयत्नाची नोंद ठेवणे. इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्याला आणखी एक पायरी आहे. फाइलमधील बटणांचे संकेत छोट्या सर्किट बोर्डमधून कंट्रोलरच्या जागी पाठवून खऱ्या यंत्रावर गेम चालवता येतो. जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेतील एका धर्मादाय कार्यक्रमात 'टासबॉट'ने अशाच प्रकारे फक्त बटणे दाबून 'सुपर मारिओ वर्ल्ड'च्या आत 'पाँग' आणि 'स्नेक' हे गेम चालवून दाखवले होते.

कल्याण-डोंबिवली पट्ट्यातून दरवर्षी मोठ्या संख्येने मुले पदविका आणि पदवीचे प्रकल्प सादर करतात. त्यात हजेरीची ॲप आणि पार्किंगची मॉडेल वर्षानुवर्षे फिरत असतात. त्याऐवजी एखाद्या गटाने जुन्या गेमची मेमरी उलगडून, खऱ्या यंत्रावर पडताळलेला टास सादर केला, तर मार्गदर्शकांनी 'गेम आहे' म्हणून तो बाजूला सारू नये. तयार कोड उतरवून आणलेल्या प्रकल्पापेक्षा त्यात विद्यार्थ्याचे स्वतःचे काम जास्त असेल आणि ते तपासताही येईल.

मर्यादाही आहेत. एका मिनिटाच्या खेळासाठी आठवडे जाऊ शकतात, त्यामुळे परीक्षेच्या तोंडावर हे वेड परवडणारे नाही. शिवाय मारामारीच्या गेमचा टास पाहायला कधी कधी कंटाळवाणा होतो. सर्वांत वेगवान उपाय म्हणजे एकच लाथ पुन्हा पुन्हा मारणे असेल, तर पाहणारा दुसऱ्या लढतीलाच पुढे सरकतो. म्हणून काही जण थोडा वेळ खर्च करून वेगवेगळ्या चाली दाखवतात. वेग की रंजकता, हे आधीच जाहीर केले की झाले.

कायदा काय सांगतो?

जुना गेम म्हणजे फुकटचा गेम, असे नाही. चाळीस वर्षांपूर्वीच्या गेमवरही स्वामित्व हक्क लागू असतो आणि इंटरनेटवरून त्याच्या प्रती उतरवणे कायद्यात बसत नाही. मात्र कायदेशीर मिळवलेल्या प्रोग्रामचे काम कसे चालते, याचे निरीक्षण, अभ्यास आणि चाचणी करण्याची मुभा भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये आहे. टासच्या फाइलमध्ये गेमचा भाग नसतो, ही गोष्टही इथे उपयोगी पडते. अधिकृत पुनर्प्रकाशने हा सरळ मार्ग. 'कराटेका'च्या मूळ आवृत्त्या २०२३ मध्ये आलेल्या 'द मेकिंग ऑफ कराटेका' या संवादी माहितीपटात खेळायला मिळतात. हौशी प्रोग्रामरनी जुन्या यंत्रांसाठी नव्याने लिहून मोफत दिलेले गेमही सरावाला चांगले.

पाहताना आणि करताना काय लक्षात ठेवावे?

असा व्हिडिओ समोर आला की आधी तीन गोष्टी पाहाव्यात : तो टास असल्याचे स्पष्ट लिहिले आहे का, एम्युलेटर आणि गेमची आवृत्ती सांगितली आहे का, आणि बटणांची फाइल उपलब्ध आहे का. तिन्ही असतील तर निश्चिंतपणे आनंद घ्यावा. टास करून 'मी एका दमात खेळलो' असा दावा कोणी केला असेल, तर ती नक्कीच फसवणूक आहे आणि तिला तसेच म्हणावे.

स्वतः करून पाहायचे असेल तर अख्ख्या गेमच्या मागे लागू नये. एकच लढत निवडावी, ती हाताने दहा वेळा खेळून वेळ लिहून ठेवावी आणि मग एकेक फ्रेम पुढे सरकवत त्यातल्या किती फ्रेम वाचतात ते पाहावे. निकाल मित्रांना दाखवताना मात्र शीर्षकात 'टास' हा शब्द सर्वांत आधी लिहावा. यंत्राने किती मदत केली हे उघड सांगण्याची सवय गेममध्ये लागली, तर ती प्रकल्पाच्या अहवालात आणि पुढे नोकरीतही उपयोगी पडेल.